सुशी शिकून आलात, आता भाकरीचं बोला

जपानला जाऊन आलेल्यांच्या फोनमध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. अंगात एप्रन, डोक्याला बांधलेलं फडकं, समोर बांबूची छोटी चटई, तिच्यावर नोरीचा काळा चौकोन आणि त्यावर पसरलेला भात. खाली ओळ असते, ‘आज सुशी शिकलो!’ दोन तासांचा वर्ग, फी साधारण सात-आठ हजार येन, म्हणजे आपले चार-पाच हजार रुपये. काही ठिकाणी शेवटी प्रमाणपत्रही देतात.

मी दुधनीची. अक्कलकोट तालुक्यातलं, सोलापूर–वाडी रेल्वेमार्गावरचं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. इथे सुशी मिळत नाही आणि त्याचं कुणाला दुःखही नाही. तरी या फोटोबद्दल मला भांडायचं आहे. कारण हा फोटो टाकणारा तरुण ज्या घरात राहतो, त्या घरात कुणीतरी रोज दोन वेळा हाताने अन्न घडवत असतं. त्या माणसाकडून, म्हणजे जवळपास नेहमीच त्या बाईकडून, त्याने कधी काही शिकून घेतलेलं नसतं. चार-पाच हजार मोजून परक्या देशात भाताचा रोल वळणं याला तो ‘अनुभव’ म्हणतो आणि घरी पिठाला हात लावणं याला ‘काम’. माझं भांडण या दोन शब्दांमधल्या अंतराशी आहे.

दोन तासांत नेमकं काय शिकवतात?

पर्यटकांच्या वर्गात तुम्ही पोचता तेव्हा भात बहुतेक वेळा तयार असतो. सुशीतलं खरं अवघड काम तोच भात आहे. तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा, भिजवायचा, मोजक्या पाण्यात शिजवायचा. मग हांगिरी नावाच्या पसरट लाकडी भांड्यात काढून त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ घालायचं. लाकडी उलथन्याने तो कापल्यासारखा हलवायचा, म्हणजे दाणा मोडत नाही. वारा घालत घालत तो अंगाच्या उबेइतका कोमट करायचा. भात ओला राहिला तर गोळा होतो, कोरडा झाला तर सुटतो. मासा निवडणं, साफ करणं आणि रेषेच्या आडवा कापणं हे आणखी वेगळं शास्त्र. वर्गात मासाही बहुधा कापून ठेवलेला असतो.

म्हणजे तुमच्या वाट्याला काय येतं? भात पसरायचा, मासा ठेवायचा, चटई वळायची, तुकडे करायचे आणि फोटो काढायचा. कामातला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात सोपा भाग. भांडी कुणीतरी दुसरं घासतं. रोल फुटला तर सगळे हसतात आणि पुढचा वळायला देतात. तुमच्या फुटलेल्या रोलमुळे कुणी उपाशी राहत नाही.

आता कुणी म्हणेल, सुशीला दहा वर्षं उमेदवारी लागते हेही थोतांडच आहे की. त्यात तथ्य आहे. ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ या २०११ च्या माहितीपटाने जिरो ओनो यांच्या टोकियोतल्या दहा खुर्च्यांच्या दुकानाची गोष्ट जगभर नेली. तिथे अंड्याची वडी मालकाच्या पसंतीला उतरावी म्हणून एका उमेदवाराने ती शेकडो वेळा केली होती. ते बघून आपण सगळे भारावलो. पण जपानमध्येच ताकाफुमी होरिए या उद्योजकाने २०१५ मध्ये वर्षानुवर्षं उमेदवारी करणाऱ्यांना मूर्ख ठरवलं आणि मोठा वाद झाला. त्याचं म्हणणं होतं की हे काम काही महिन्यांत शिकता येतं, वर्षं लावतात ती स्वस्तात राबवून घ्यायला. आज तिथे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुशी शिकवणाऱ्या व्यावसायिक शाळा आहेत. मला होरिएचा मुद्दा बराचसा पटतो. उमेदवारीच्या नावाखाली राबवून घेण्यात पावित्र्य वगैरे काही नसतं.

पण त्या महिन्यांच्या शाळेतसुद्धा भात तुम्हीच शिजवता, मासा तुम्हीच कापता, चुकलेलं तुम्हीच खाता आणि ओटाही तुम्हीच पुसता. किती दिवस लागले हा वाद नंतरचा. कामाची सगळी साखळी हातातून गेली का, हा प्रश्न आधीचा. पर्यटकाच्या वर्गात साखळीची एकच कडी हातात देतात आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो.

‘बायकांचे हात गरम असतात’

सुशीच्या वर्गात सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट. जपानमध्ये सुशीच्या गल्ल्यामागे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच उभे राहिले. बायकांना तिथे न येऊ देण्यासाठी जी कारणं दिली गेली, त्यातलं एक असं: बायकांचे हात गरम असतात, त्या उबेने मासा बिघडतो. दुसरं कारण मासिक पाळीचं. पाळीमुळे म्हणे चवीचा अंदाज हुकतो. टोकियोच्या अकिहाबारा भागात २०१० मध्ये ‘नादेशिको सुशी’ हे बायकांनी चालवलेलं दुकान सुरू झालं, तेव्हा ती बातमी होण्याइतकी नवलाची गोष्ट होती.

आणि घरी? घरचा भात, घरचं सूप, घरची लोणची त्याच गरम हातांनी होत होती. तिथे उबेची अडचण कुणाला आली नाही.

हे वाचून जपानला हसू नका. आपल्याकडे तेच गणित आहे. लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष, हॉटेलातला वस्ताद पुरुष, ढाब्यावर तंदूर लावणारा पुरुष. जिथे स्वयंपाकाला पगार आणि नाव आहे तिथे पुरुष, आणि जिथे तो फुकट आहे तिथे बाई. चवीत किंवा हाताच्या तापमानात फरक नाही. फरक पैसे कुणाच्या हातात येतात त्याचा आहे.

आता काठवटीपाशी या

सुशीचा भात चिकटतो कारण त्या तांदळातला स्टार्च चिकट जातीचा असतो. ज्वारीचं तसं नाही. तिच्यात गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ ताणलं की तुटतं. म्हणून आमच्याकडे आधणाचं पाणी घालतात. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तो पीठ धरून ठेवतो. पाणी किती गरम, हे बोटाला कळावं लागतं. पीठ ताजं हवं, जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरीच्या कडा फाटतात. एका वेळी एका भाकरीपुरताच गोळा तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचा. मग काठवटीत कोरडं पीठ भुरभुरून थापायचं. एक हात थापतो, दुसरा हात कडा सांभाळतो आणि भाकरी आपोआप गोल फिरत राहते. हे ‘आपोआप’ यायला दोन तास पुरत नाहीत.

पुढे ती पातळ, ओली चकती दोन्ही हातांवर तोलून तव्यावर टाकायची. वरून पाणी फिरवायचं, पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. शेवटी थेट आचेवर धरली की पदर सुटतो आणि ती टम्म फुगते. कडक भाकरी करायची असेल तर याहून पातळ थापायची आणि मंद आचेवर दाबत दाबत सगळं पाणी घालवायचं. मग ती पापडासारखी मोडते आणि कित्येक दिवस टिकते. आमच्या गावात निम्म्याहून जास्त बोलणं कन्नडमधून चालतं, तिथे हिला रोट्टी म्हणतात. कडक रोट्टी, शेंगाची चटणी आणि दही एवढं असलं की शेतावरचा दिवस निघतो.

जरा हिशेब करू. घरात सहा माणसं, प्रत्येकी एका वेळेला दोन भाकऱ्या. दोन वेळच्या चोवीस. वर्षाच्या आठ हजार सातशे साठ. एक बाई वीस वर्षं ही काठवट सांभाळत असेल तर पावणेदोन लाखांच्या पुढे. जिरो ओनोच्या उमेदवाराने अंड्याची वडी शेकडो वेळा केली म्हणून आपण माहितीपट बघताना श्वास रोखतो. इथे पावणेदोन लाख भाकऱ्या थापलेल्या हातांना कुणी कारागीर म्हणत नाही. जनगणनेत त्या बाईच्या नावापुढे ‘काम करत नाही’ लिहिलं जातं.

सरकारी आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के आणि त्यांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं. पुरुष २६.१ टक्के, आणि जे करतात त्यांचा वेळ ९७ मिनिटं. म्हणजे चारातले तीन पुरुष घरच्या कामाला हातच लावत नाहीत. बायकांची ती पाच तासांची रोजची कामगिरी म्हणजे सुशीचे अडीच वर्ग. रोज. प्रमाणपत्राशिवाय.

यार्डात बोली, घरात नाही

दुधनी बाहेर ओळखली जाते ती बाजार समितीमुळे. तुरीचा हंगाम आला की यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात. व्यापारी मूठभर तूर हातात घेतो, दाणा बघतो, ओल बघतो आणि बोली लावतो. हमीभावही ठरलेला असतो. २०२५-२६ साठी केंद्राने तुरीला क्विंटलमागे ८,००० रुपये आणि मालदांडी ज्वारीला ३,७४९ रुपये जाहीर केले. भाव पुरेसा आहे का, तो प्रत्यक्षात मिळतो का, यावर शेतकरी भांडतो आणि भांडायलाच हवं. पण भांडायला एक आकडा तरी आहे.

ज्वारीचा मानही वाढला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. शहरातल्या मॉलमध्ये ज्वारीचं पीठ सुंदर पाकिटात बसलं. दाण्याला मान, वाणाला मान, पिठाला मान. दाणा शेतातून यार्डात, यार्डातून गिरणीत आणि गिरणीतून डब्यात येईपर्यंत प्रत्येक हाताला काही ना काही मोल मिळतं. काठवटीत पडला की मोल संपतं. पुढचं सगळं ‘प्रेमाने’.

जिथे हे काम विक्रीला येतं तिथेही आपली वागणूक बघण्यासारखी असते. सोलापूर भागात बायका, बचत गट कडक भाकरी करून विकतात. त्या पाकिटावर आपण घासाघीस करतो. ‘घरीच तर करता, एवढे कसे?’ असं तोंडावर विचारतो. टोकियोत सात हजार येन देताना ‘एवढे कसे?’ हा प्रश्न तोंडातून निघत नाही.

चुलीवरचं, कुणाच्या डोळ्यांत?

या सगळ्यावर आपल्याकडे एक उपाय निघालाय. सुशीचा वर्ग असतो, मग भाकरीचा का नको? एअरबीएनबीने २०१६ मध्ये ‘एक्स्पीरियन्सेस’ सुरू केल्यापासून जगभर स्थानिक माणसाच्या स्वयंपाकघरात दोन तास घालवणं हा पर्यटनाचा भाग झाला. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. शेतावरच्या मुक्कामात बैलगाडी, हुरडा आणि ‘चुलीवरची भाकरी स्वतः थापून बघा’ हे आता ठरलेलंच.

मला या कल्पनेचा तिटकारा नाही. पण नीट बघा. २०१६ मध्येच उज्ज्वला योजना आली, बायकांच्या डोळ्यांतला धूर जावा म्हणून गॅस देण्यात आला. आणि हायवेवर पाट्या लागल्या ‘चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी’. शहरातल्या माणसाला धुराचा वास हवा असतो, तासाभरापुरता. तो वास तयार करायला चुलीपुढे दिवसभर बाई बसते. तिचं नाव पाटीवर नसतं. पाटीवर मालकाचं नाव, फार तर ‘गावाकडची चव’. पर्यटक एक भाकरी थापतो, ती नकाशासारखी होते, सगळे हसतात, रील निघते. उरलेल्या पन्नास भाकऱ्या तीच थापते, कॅमेऱ्याच्या बाहेर.

सुशीच्या वर्गातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथे शिकवणाऱ्याला सेन्सेई म्हणतात, म्हणजे गुरुजी. जपानमध्ये घरी वर्ग घेणाऱ्या गृहिणीही आहेत, त्यांनाही तसंच म्हणतात आणि फी त्यांच्या हातात पडते. आपण वर्गाची कल्पना उचलली, चटई आणि एप्रन उचललं, आणि नेमका गुरुजी व फी हा भाग सोडून दिला.

‘पण मी तर मजा म्हणून गेलो होतो’

हो, आणि जरूर जा. मजेला माझा विरोध नाही. परक्या देशात कुणाच्या शेजारी उभं राहून भात वळणं हे संग्रहालयाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा केव्हाही चांगलं. माझी हरकत ‘शिकलो’ या शब्दाला आहे. आणि परदेशी काठवटीपुढे वाकणारी मान घरच्या काठवटीपुढे का वाकत नाही, हा माझा प्रश्न आहे.

उत्तर आपल्याला ठाऊक आहे. सुशी वळता न आल्याने कुणाची इज्जत जात नाही आणि वळता आल्याने कुणावर जबाबदारी पडत नाही. भाकरी आली की ती रोज करावी लागेल, हे भय आहे. ते भय खरं आहे. मुलींना तर ते लहानपणापासून माहीत असतं.

म्हणूनच आणखी एका मंडळींशी माझं भांडण आहे. ‘आजकालच्या पोरींना भाकरी येत नाही’ असा गळा काढणाऱ्यांशी. यांचे रील बघा, ‘आजीच्या हातची भाकरी’ म्हणत मागे बासरी वाजते. आमच्या भागात मुलगी बघायला आलेली माणसं अजूनही ‘पोरीला भाकरी येते का?’ विचारतात. आता काही मुली सरळ ‘नाही’ म्हणतात. मला त्यांचं कौतुक आहे. जे कौशल्य तुमच्याकडून फुकट वसूल केलं जाणार आहे, ते शिकायला नकार देणं यात शहाणपण आहे. होरिएने जपानी उमेदवारांना जे सांगितलं, तेच या मुली न बोलता सांगतात. फरक इतकाच की त्या उमेदवाराला दहा वर्षांनी दुकान काढता येत होतं. हिच्या उमेदवारीला शेवटच नाही.

हेच गळा काढणारे भाकरीच्या मशीनलाही नाकं मुरडतात. ‘हाताची चव नाही हो त्याला.’ हात कुणाचा, मनगट कुणाचं दुखतं, हे विचारलं की विषय बदलतो. मशीनने बाईचा तासभर वाचत असेल तर मशीन चांगलं. हाताचीच हवी असेल तर हात तुमचाही आहे.

भाकरी संपेल ती मुलींमुळे संपणार नाही. घरातल्या निम्म्या माणसांना ती कधी शिकवलीच नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना तिचे पैसे कधी दिले नाहीत, म्हणून संपेल. एखादी कला अर्ध्या लोकसंख्येला बंद आणि उरलेल्या अर्ध्याला सक्तीची ठेवली तर ती टिकावी तरी कशी?

मग काय करायचं

वारसा, परंपरा, अस्मिता हे मोठे शब्द बाजूला ठेवू. लहान गोष्टी बोलू.

सुशीच्या वर्गाला जाणार असाल तर तिथे तीन प्रश्न विचारा. हा भात कुणी शिजवला, कधी उठून? माझ्या फीतले किती शिकवणाऱ्याला मिळतात? आणि मी आज जे केलं ते तुमच्या कामाचा कितवा भाग आहे? चांगला शिकवणारा या प्रश्नांनी खूश होईल. उत्तरं ऐकून वर्ग दुप्पट किमतीचा वाटेल.

घरी परत आल्यावर एक आठवडा भाकरी करा. एक दिवस नको, एका दिवसाचे पुन्हा फोटोच होतात. सलग सात दिवस, दोन वेळा, घरातल्या सगळ्यांपुरत्या. पीठ संपलं तर दळण आणायचं, काठवट धुवायची, तवा घासायचा. पहिल्या दिवशी तुटतील. तिसऱ्या दिवशी बोट भाजेल. पाचव्या दिवशी कधीतरी एक फुगेल आणि तुम्ही फोन शोधाल. काढा फोटो, हरकत नाही. सहाव्या दिवशी फोटोचा कंटाळा येईल, आणि शिकणं तिथून सुरू होईल. मुलगे वाचत असतील तर हे त्यांनाच उद्देशून आहे, मुलींना हा आठवडा कुणीतरी आधीच करायला लावलेला असतो.

कडक भाकरीचं पाकीट घेताना घासाघीस बंद करा. आणि शेतावरच्या मुक्कामाला गेलात तर जेवण झाल्यावर मालकाला विचारा की भाकरी शिकवणाऱ्या ताईंची फी वेगळी कुठे द्यायची. तो गोंधळेल. गोंधळू द्या. दहा पाहुण्यांनी विचारलं तर अकराव्याच्या वेळेला पाटीवर तिचं नाव आणि दर दोन्ही येतील.

मार्गशीर्षातल्या येळवसेला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, आंबील, उंडे, भाकरी. शहरातून पाहुणे येतात, गार वाऱ्यात ताटं मांडली जातात आणि सगळे म्हणतात, असं जेवण पंचतारांकित हॉटेलात मिळणार नाही. बरोबर आहे, मिळणार नाही. त्या हॉटेलात ते करणाऱ्याला पगार द्यावा लागला असता. या येळवसेला पाहुणे म्हणून येणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी या. काठवट मोकळी आहे, पीठ दळून ठेवलंय. एप्रन तुमचा तुम्ही आणा.